पहिल्या तासाअखेर

धंतोलीतल्या तळघरातल्या लॅबमध्ये
मी रक्त उभं करते.
बारीक काचेच्या नळीत, सरळ,
हलवायचं नाही, टेकवायचं नाही,
आणि तासाभरानं पाहते
ते किती खाली बसलं.
निरोगी रक्त सावकाश बसतं,
पाहुण्यांच्या घरी बसावं तसं.
आजारी रक्त धपकन.

शकुनताईचं अठ्ठ्याहत्तर आलं.
मी नळी बदलली, पुन्हा लावलं.
पुन्हा अठ्ठ्याहत्तर.

सकाळी तिची मूठ वळत नाही.
शाळेच्या गणवेशांना काजं करणारी बोटं
बारा वाजेपर्यंत केळीच्या फणीसारखी पडून.
ते सगळ्यांना दिसायचं.
सुजेला हळद लावता येते, शेकता येतं,
शेजारणीला दाखवता येतं.
पण ती बोलेनाशी झाली
ते कुठे बोट ठेवून दाखवावं?
आई म्हणे, "काहून अशी करून राहिली वं?
मनाले लावून नको घेऊ."
भाऊजी म्हणत, आळस भरला.
मानकापूरचं नाव घरात कुणी काढलं नाही,
फक्त कोराडीला जाताना ऑटो त्या फाटकावरून गेला
तेव्हा आम्ही चौघंही एकदम
दुसऱ्या बाजूच्या टायरच्या दुकानाकडे पाहू लागलो.

गावंडे सांध्यांचे डॉक्टर.
बोटं दाबून झाल्यावर विचारलं, "रडू येतं का?"
ताई म्हणाली, "तेही नाही येत."
ते लिहिता लिहिता थांबले.
"अंगातला दाह वरपर्यंत पोचत असावा.
ताप आला की कसं,
भिंतीकडे तोंड करून पडावंसं वाटतं,
कुणी हाक मारू नये असं वाटतं?
तसंच काहीसं. ताप तेवढा दिसत नाही.
सगळ्यांचं असंच असतं असं नाही, बाई.
हे पान अजून पेन्सिलीनं लिहिलेलं आहे."

मानेवाड्यात आमच्या गल्लीत
टेकबहादूर रात्रभर शिट्टी वाजवतो.
सहा वर्षांपूर्वी एक सायकल चोरीला गेली.
तेव्हापासून विजेच्या दर खांबावर काठी,
दर फाटकाशी शिट्टी.
चोर कधीच गेला,
पण ते त्याला सांगणार कोण?
राखणही तोच करतो, झोपही तोच मोडतो.
त्या रात्री अंथरुणात
ताईचं रक्त मला पहिल्यांदा कळलं,
बारा वर्षं नळ्या भरून
जे कळलं नव्हतं.

नवतपा लागला. सेहेचाळीस.
कूलरची जाळी तासाभरात वाळायची.
ताईच्या गोळ्या सुरू झाल्या:
आठवड्याची पिवळी सांध्यांसाठी,
रोजची अर्धी पांढरी मनासाठी,
दोन्ही एकाच डबीत,
जिच्यात पूर्वी टिचबटणं असायची.
जूनमध्ये चौतीस.
ऑगस्टमध्ये एकवीस.
मी रिपोर्ट घेऊन जवळजवळ पळतच घरी आले.
ती भिंतीकडे तोंड करून.
"एकवीस, ताई."
"बरं."

आकडा उतरला होता.
ताई कुठवर आली ते मोजायला
आमच्या लॅबमध्ये नळी नाही.

मग दिवाळीच्या आधी एका रात्री
अंधारातून तिचा आवाज:
"आज शिट्टी नाही वाजली. काहून वं?"
अकरा महिन्यांत तिनं स्वतःहून विचारलेलं
हे पहिलंच.
पिवळीमुळे, पांढरीमुळे, की टेकबहादूर
मुलीच्या लग्नाला गावी गेला म्हणून,
देवाशप्पथ मला सांगता येणार नाही.
"गावी गेला तो," मी जपून म्हटलं,
जरा जोरात बोलले तर
काहीतरी उडून जाईल अशी भीती.
"मग गल्ली कोण पाहीन आता?"

ती उठली. खिडकीची कडी
तिच्या बोटांना दोनदा निसटली, तिसऱ्यांदा निघाली.
आणि ती उभी राहिली रिकाम्या गल्लीकडे पाहत,
सरळ,
न हलता, कुठे न टेकता.

मी घड्याळ पाहिलं नाही.